सोरायसिसमुळे आर्मीतून बोर्ड आउट व्हायची वेळ आली तर: पहिल्या चट्ट्यापासून पेन्शनच्या कागदापर्यंत

मी सतरा वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची सहा वर्षं सोरायसिस अंगावर घेऊन, आणि शेवटी मेडिकल बोर्डावर, म्हणजे आर्मीच्या डॉक्टरांच्या बोर्डाने अनफिट ठरवल्यावर, बाहेर आलो. आता नात्यातली, ओळखीची पोरं फोन करतात. कुणाच्या कोपरावर चट्टे आलेत, कुणाचा पायाचा एक्झिमा चार वर्षं जात नाही, बूट घातला की रक्त येतं, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, दादा मेडिकलवर बाहेर पडायचंय, अर्ज कसा करू? म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय. हे आर्मीच्या जवान आणि जेसीओंसाठी (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) आहे, ऑफिसर, नेव्ही, एअरफोर्सवाल्यांचे काही नियम वेगळे असतात.

सगळ्यात आधी हे डोक्यात घ्या की बोर्ड आउट व्हायचा अर्ज असा काही नसतो. तुम्ही मागितलं म्हणून बोर्ड बसत नाही, तुमच्या मेडिकल कागदांवरून बसतं. बाहेर पडायचे रस्ते तीन. एक म्हणजे स्वतःच्या इच्छेने डिस्चार्ज, घरगुती कारण देऊन. दुसरा, लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे आजारामुळे खाली आणलेली फिटनेसची श्रेणी, परमनंट झाली आणि युनिटकडे तुमच्या कॅटेगरीला झेपेल असं काम नाही म्हणून डिस्चार्ज. तिसरा खरा बोर्ड आउट, म्हणजे इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड तुम्हाला पुढच्या नोकरीला अनफिट ठरवतं. बाहेरून बघणाऱ्याला तिन्ही सारखेच, माणूस घरी आला, पण पेन्शनच्या कागदावर तिन्हीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आणि घाईत पहिला रस्ता धरणारी पोरं मी खूप बघितली, खाजेने आणि लाजेने कंटाळलेला माणूस कशावरही सही करतो हो, मला ते कळतं, पण थांबा.

एमआय रूमला जा, आणि दर वेळी जा

एमआय रूम म्हणजे युनिटचा दवाखाना, सुरुवात इथून होते आणि इथेच बहुतेकांचं नुकसान होतं. चट्टा आला की आपण काय करतो, कँटीनमधून किंवा सुट्टीत मेडिकलमधून एखादी स्टिरॉइडवाली क्रीम आणतो आणि गुपचूप लावतो, आठ दिवस साफ दिसतं, मग दुप्पट येतं. दुसऱ्यांना सांगायची लाज, वाटतं की बॅरेकमधली पोरं ताट वेगळं करतील. सोरायसिस संसर्गजन्य नाही, शिवल्याने, एका चादरीत झोपल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही, हे स्वतःला आधी पटवा आणि मग शेजारच्या बेडवाल्याला सांगा.

माझा पहिला चट्टा डाव्या कोपरावर, रुपयाएवढा, उंचावरच्या पोस्टवर थंडीत. मला वाटलं रायफल टेकून टेकून घट्टा पडलाय. तीन महिन्यांत दोन्ही कोपर, गुडघे, मग टाळू, आणि सकाळी उठलं की स्लीपिंग बॅगच्या आत पांढरा कोंडा असा साचलेला असायचा की मी सगळे उठायच्या आधी बाहेर नेऊन झटकायचो. तिथे एमआय रूममध्ये नर्सिंग असिस्टंटने मलम दिलं आणि रजिस्टरमध्ये एक ओळ लिहिली, तारीख, नंबर, नाव, "दोन्ही कोपरांवर चट्टे, खाज". नंतर सुट्टीवर आलो तेव्हा सिव्हिल स्किनच्या डॉक्टरला दाखवलं, त्यांनी चिठ्ठीवर सोरायसिस लिहिलं, ती चिठ्ठी घेऊन मी मिलिट्री हॉस्पिटलला गेलो, आणि तिथे केस शीटवर आजार सुरू झाल्याची जागा काय लिहिली गेली, तर "रजेवर असताना". मी बघितलंही नाही. ही दोन शब्दांची नोंद मला पुढे फार महाग पडली, त्याचं खाली सांगतो.

म्हणून रिपोर्ट सिक करा, म्हणजे आजारी असल्याचं एमआय रूममध्ये जाऊन नोंदवा, प्रत्येक वेळी. स्वतःची एक वही ठेवा. कुठली तारीख, कुठलं ठिकाण, फील्ड (सीमेवरची, अवघड पोस्टिंग) की पीस (शांत ठिकाणची छावणी), काय ड्युटी होती, अंगावर कुठे कुठे होतं, काय औषध मिळालं. जिथे मोबाईल चालतो आणि परवानगी आहे तिथे चट्ट्यांचे फोटो, मागे बॅरेक, पोस्ट, हत्यार काही दिसणार नाही असे. हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळताना स्लिप वाचूनच वॉर्ड सोडा, सुरुवातीची जागा आणि तारीख चुकीची असेल तर तिथेच डॉक्टर साहेबांना सांगा, त्या वेळी दुरुस्ती होते, तीन वर्षांनी होत नाही.

ट्रिगर काय आहेत ते समजून घ्या

हे डॉक्टरकी शिकवण्यासाठी नाही, पुढे कागदावर तुम्हालाच लिहायचंय म्हणून. सोरायसिस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उलटते, नवी कातडी फार वेगाने बनते आणि थर साचतात. अंगात प्रवृत्ती असते, पण भडकायला कारण लागतं: मानसिक ताण, झोप न होणं, थंड कोरडी हवा, घशाचं इन्फेक्शन, आणि कातडीला होणारी जखम किंवा घासणं. हे शेवटचं आपल्यासाठी मोठं, कारण जिथे पट्टा, पिठ्ठू, हेल्मेट, बूट घासतो तिथे नवीन चट्टा उमटतो, डॉक्टर लोक त्याला कोबनर फिनॉमिनन म्हणतात. काही औषधांनीही वाढतो, त्यात मलेरियासाठीची क्लोरोक्विन येते, बीपीच्या काही गोळ्या येतात, तेव्हा अशा गोळ्या सुरू होत असतील तर आपल्याला सोरायसिस आहे हे आधीच सांगा.

एक्झिमावाल्यांचं थोडं वेगळं, तिथे घाम, रबर, चामड्यातले केमिकल, डिझेल-ग्रीस, डिटर्जंट हे बघावं लागतं, पॅच टेस्ट करून घेता आली तर कागदावर पक्का पुरावा मिळतो की कशाने होतंय. एमटीचे म्हणजे गाड्यांच्या विभागाचे ड्रायव्हर, मेकॅनिक, कुक हाऊसवाले, यांनी तर हे नक्की करून घ्या.

आणि नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे आले किंवा सकाळी बोटं आखडून मूठच वळत नसेल तर ते फक्त थंडीचं म्हणून सोडू नका. सोरायसिस असणाऱ्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना सांध्यांचा त्रास होऊ शकतो. तो वेगळा नोंदवून घ्या, कारण बोर्ड प्रत्येक आजाराचा डिसेबिलिटीचा (अपंगत्वाचा) टक्का वेगळा धरतं आणि मग एकत्रित काढतं.

कॅटेगरी लागते म्हणजे काय होतं

आपल्याकडे फिटनेस शेप मध्ये मोजतात, एस म्हणजे मानसिक, एच कान, ए हातपाय, पी म्हणजे शारीरिक क्षमता, ई डोळे. कातडीचा आजार पी मध्ये येतो. पी-१ म्हणजे एकदम फिट, पी-२ थोडी बंधनं, पी-३ जास्त बंधनं, पी-४ म्हणजे हॉस्पिटलात किंवा सिक लीव्हवर असल्याने सध्या ड्युटीला अनफिट, पी-५ म्हणजे कायमचा अनफिट. आधी टेम्पररी लागते, साधारण २४ आठवड्यांची, मग रिव्ह्यू, सुधारलं तर अपग्रेड, नाहीतर परमनंट, आणि परमनंट झाल्यावर दर दोन वर्षांनी रिकॅट बोर्ड, म्हणजे कॅटेगरी परत तपासणारं बोर्ड. हे बोर्ड एएफएमएसएफ-१५ फॉर्मवर होतं. त्यात बंधनं लिहिलेली असतात, उंचावर नको, अति थंडीत नको, स्पेशालिस्ट जवळ असेल तिथेच ठेवा वगैरे. ही बंधनं स्वतः वाचा आणि युनिटमध्ये पोचली की नाही ते बघा, कारण कागदावर बंधन असताना तुम्हाला तिथेच पाठवलं आणि आजार वाढला तर ती गोष्ट तुमच्या बाजूची असते, पण तारखेसकट दाखवता आली तर.

नवीन पोरांना वाटतं कॅटेगरी लागली म्हणजे आता बाहेर. तसं नाही. पी-२ घेऊन पूर्ण नोकरी करून पेन्शन आलेले मला कितीतरी माहिती आहेत. नीट उपचार घेतले तर सोरायसिस बऱ्यापैकी दबून राहतो, आणि पगार, क्वार्टर, पोरांची शाळा हे सगळं चालू राहतं. तुमचा आजार खरंच ड्युटी होऊ देत नाही का, की एका वाईट थंडीने तुम्ही खचलाय, याचा विचार घरच्यांशी बोलून शांतपणे करा. मी स्वतः पी-२ वर चार वर्षं काढली, मेथोट्रेक्सेट ही सोरायसिसची गोळी चालू होती, लिव्हरचे रिपोर्ट बिघडले म्हणून बंद करावी लागली आणि मग अंग पूर्ण उसळलं, पी-३ झालं, हाताची बोटं गेली कामातून, तेव्हा बाहेर येणं हाच रस्ता राहिला.

मेथोट्रेक्सेटचं एक सांगतो, ती गोळी आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही, रोज घेतल्याने जीव गेलेत. वार ठरवून डबीवर मार्करने लिहून ठेवा.

हे करू नका

बोर्डाच्या आधी औषध बंद करायचं म्हणजे चट्टे जास्त दिसतील, हा सल्ला बॅरेकमध्ये हमखास मिळतो. ऐकू नका. चालू असलेली औषधं, खास करून स्टिरॉइडच्या गोळ्या, अचानक सोडल्या तर सगळं अंग लाल होऊन कातडी सुटते, ताप भरतो, तो जिवावरचा प्रकार आहे. शिवाय बोर्डाच्या फॉर्ममध्ये उपचाराला नकार दिलाय का असा प्रश्न असतो आणि विनाकारण नकार दिला असं आलं तर टक्का कापला जातो. आणि आर्मी ॲक्ट १९५० च्या सेक्शन ४६ प्रमाणे आजाराचं ढोंग करणं, मुद्दाम बरं होणं लांबवणं किंवा आजार वाढवणं हा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. तुमचा आजार खरा आहे, त्याला खोट्याची जोड देऊन स्वतःची केस नासवू नका.

विलिंग की अनविलिंग, या कागदाजवळ थांबा

परमनंट कॅटेगरी झाली की युनिटमध्ये विचारतात, शेल्टर्ड अपॉइंटमेंटवर म्हणजे झेपेल अशा कामावर राहायला तयार आहात का. इथे अनविलिंग लिहून सही केली की पुढे कुणीही म्हणू शकतं की हा स्वतःच्या मर्जीने गेला. काहींना तो कागद इंग्रजीत टाईप करून आणून दिला जातो, वर लिहिलेलं वाचायला वेळ नसतो, खाली बोट ठेवून सांगतात इथे सही. वाचून घ्या, समजलं नाही तर सुभेदार साहेबांकडून किंवा विश्वासातल्या क्लार्ककडून समजून घ्या, एक दिवस मागा, कॉपी मागा. काम करायची तयारी आहे पण तब्येत साथ देत नाही, असं असेल तर तेच शब्द लिहा, कारण तेच खरं आहे.

मेडिकली अनफिट म्हणून काढायचं असेल तर आर्मी रूल्स १९५४ च्या नियम १३ प्रमाणे इनव्हॅलिडिंग बोर्डाची शिफारस लागतेच, आणि फक्त लो मेडिकल आहे म्हणून बोर्डाशिवाय डिस्चार्ज देणं बरोबर नाही हे सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये एका जेसीओच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय. हे माहिती असलं की माणूस निदान प्रश्न तरी विचारू शकतो.

बोर्डाचा दिवस आणि एएफएमएसएफ-१६

ॲडमिट व्हावं लागतं, ब्लड टेस्ट, एक्स-रे, कातडीच्या स्पेशालिस्टचं मत, आणि मग मेडिकल ऑफिसरांचं बोर्ड. माझ्या वेळी स्पेशालिस्ट मॅडमनी मला पूर्ण कपडे काढायला लावले आणि स्वतःचा पंजा हवेत धरून माझ्या पाठीवर, पोटावर, मांड्यांवर मोजत गेल्या, एक, दोन, तीन. पेशंटचा एक पंजा बोटांसकट म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का भाग, असा हिशेब असतो. मी लाजून टाळू आणि जांघेतलं सांगितलंच नव्हतं, त्यांनी विचारलं म्हणून निघालं. तुम्ही स्वतःहून सांगा, सगळं दाखवा, तळपाय, नखं, कानामागे, जांघ. बोलताना "ठीक आहे साहेब" म्हणायची सवय आपल्या हाडात मुरलेली असते, त्या दिवशी ती बाजूला ठेवा आणि जे होतं ते सांगा, रात्री किती वेळा उठता, बूट किती वेळ सहन होतो, रायफलचा बोल्ट ओढता येतो की नाही.

पण खरी लढाई फॉर्मवर आहे. एएफएमएसएफ-१६ मध्ये तुमचं पर्सनल स्टेटमेंट असतं. कुठे कुठे, कधीपासून कधीपर्यंत नोकरी केली, फील्ड की पीस, भरती व्हायच्या आधी हा आजार होता का, आणि नोकरीतल्या कुठल्या गोष्टीने आजार झाला किंवा वाढला असं तुम्हाला वाटतं. पुष्कळ जण इथे "नाही" किंवा "माहीत नाही" लिहून टाकतात, क्लार्क म्हणतो पटकन आटप. इथे वेळ घ्या. तुमची वही इथे उघडा. "अमुक महिन्यापासून अमुक उंचीवर होतो, रात्रपाळीची गार्ड, अंघोळ पंधरा दिवसांनी, पहिला चट्टा अमुक तारखेला, एमआय रूममध्ये दाखवलं, पीसमध्ये आल्यावर कमी झालं, परत फील्डला गेल्यावर पूर्ण अंगावर आलं." एवढं लिहायचं, साधं, तारखांसकट. भरतीच्या आधी नव्हता हेही स्पष्ट लिहा, कारण सोरायसिस असेल तर भरतीच्या मेडिकललाच अनफिट करतात, म्हणजे तुम्हाला फिट करून घेतलं त्या दिवशी नोंद नव्हती ही तुमची भक्कम बाजू. २०१३ च्या धरमवीर सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच धरलं की भरतीच्या वेळी नोंद नसेल तर माणूस तंदुरुस्त होता असं मानायचं आणि बोर्डाने उलट मत दिलं तर कारणं लिहायची.

अॅट्रिब्युटेबल, अॅग्रॅव्हेटेड, की नाना

बोर्ड शेवटी दोन गोष्टी लिहितं. आजार नोकरीमुळे झाला (अॅट्रिब्युटेबल) किंवा नोकरीमुळे वाढला (अॅग्रॅव्हेटेड) का, आणि टक्का किती. झालाही नाही आणि वाढलाही नाही असं लिहिलं तर त्याला सगळे "नाना" म्हणतात. कातडीच्या आजारात झाला हे पटवणं अवघड, पण वाढला हे पटवता येतं, म्हणून मी ट्रिगर आणि तारखांवर एवढा जोर देतोय.

नोकरीशी संबंध धरला तर डिसेबिलिटी पेन्शन, म्हणजे सर्व्हिस एलिमेंट (नोकरीचा भाग) अधिक डिसेबिलिटी एलिमेंट (अपंगत्वाचा भाग). शंभर टक्क्याला डिसेबिलिटी एलिमेंट शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. बोर्ड आउट झालेल्यांना ५० पेक्षा कमी टक्का असेल तर तो ५० धरतात, त्याला ब्रॉड बँडिंग म्हणतात. म्हणजे हिशेबाचा पगार ४०,००० असेल तर शंभर टक्क्याला १२,००० आणि ५० ला ६,०००. टक्का किमान २० लागतो, पण बोर्ड आउट केलंय म्हणजे २० पेक्षा जास्तच धरायला हवा असं २०१४ च्या सुखविंदर सिंग निकालात आलंय, कागदावर १५ किंवा ११ ते १४ दिसलं तर घाबरून घरी बसू नका. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवीन एन्टायटलमेंट नियम, म्हणजे कुणाला काय मिळणार ते ठरवणारे नियम, लागू आहेत, त्यामुळे जुन्या माणसाच्या ऑर्डरवरून स्वतःचा आकडा काढू नका, तुमची तारीख कुठल्या नियमात बसते ते आधी बघा.

नाना झालं आणि दहा वर्षं झालेली असतील तर इनव्हॅलिड पेन्शन मिळते, कमी असतील तर ग्रॅच्युइटी. जुलै २०२० च्या आदेशाने दहा वर्षांच्या आतल्यांनाही इनव्हॅलिड पेन्शन उघडली, पण अट अशी की माणूस मिलिट्री आणि सिव्हिल दोन्ही कामांना कायमचा अनफिट हवा, सोरायसिसवाल्याला ही अट जड जाते.

अग्निवीरांसाठी पेन्शन नाही. नोकरीशी संबंध धरला गेला तर एकरकमी, १०० टक्क्याला ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख. म्हणजे तुमच्यासाठी तर तो संबंध आणि टक्का हेच सगळं आहे. चार वर्षांच्या नोकरीत पहिल्याच चट्ट्याची नोंद करायची राहून गेली तर परत संधी येत नाही.

नाकारलं तर

माझं नानाच आलं. कारण, "रजेवर असताना सुरू". दोन रात्री झोपलो नाही. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो, तिथल्या निवृत्त सुभेदार साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, फील्डमधली सिक रिपोर्टची नोंद आहे का? मी जुन्या युनिटला पत्र लिहिलं, मग आरटीआय टाकला, आणि अडीच महिन्यांनी त्या रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स आली, तीच ओळ, रजेच्या तीन महिने आधीची तारीख. फर्स्ट अपीलला ती जोडली आणि अॅग्रॅव्हेटेड मान्य झालं.

तर नकाराचं पत्र मिळालं की तारीख लिहून ठेवा, फर्स्ट अपील सहा महिन्यांच्या आत. पत्राची पोच, स्पीड पोस्टची पावती जपा. अपीलमध्ये रागाचं काही लिहू नका, फक्त बोर्डाचं कुठलं वाक्य चुकीचं आहे आणि त्याच्या विरुद्ध कुठला कागद आहे एवढंच. तिथे नाही झालं तर सेकंड अपील, आणि मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, आपल्याला मुंबई बेंच जवळ पडतं. अपील टाकून सहा महिने उत्तरच नाही आलं तरी ट्रिब्युनलला जाता येतं, पण तिथेही मुदत असते, वर्ष वर्ष वाट बघत बसू नका.

निघायच्या आठवड्यात

डॉक्युमेंट्सची फाईल दोन सेट, एक घरी, एक भावाकडे किंवा सासरी. त्यात एएफएमएसएफ-१५ सगळे, १६, डिस्चार्ज स्लिपा, डिस्चार्ज बुक. स्पर्श या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर मोबाईल नंबर आणि बँक खातं बरोबर आहे का ते रेकॉर्ड ऑफिस सोडायच्या आधी तपासा, नंतर एक आकडा बदलायला महिने जातात. ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेच्या कार्डाचा, अर्ज लगेच करा. आणि हॉस्पिटलमधून निघताना स्पेशालिस्टकडून चालू औषधांची चिठ्ठी, शेवटचे लिव्हरचे आणि रक्ताचे रिपोर्ट, आणि जमेल तेवढी औषधं मागून घ्या. मी हे विसरलो होतो, घरी आल्यावर कार्ड यायला वेळ लागला, त्या दिवसांत मलम संपलं आणि बरे झालेले गुडघे परत फुटले.